काहीच न घडणारी कादंबरी कशी वाचावी

आमच्या वाचनकट्ट्यावर मी एकदा अनिता देसाईंची ‘फायर ऑन द माउंटन’ सुचवली. पुस्तक आकाराने लहान, जेमतेम दीडशे पानांचं. महिन्याभरात सगळ्यांचं वाचून होईल असा माझा हिशेब. पंधरा दिवसांनी कट्ट्यावरच्या एका काकांचा फोन आला. "ताई, एवढी पानं झाली, अजून ती मुलगी घरी पोचलीसुद्धा नाही. म्हातारी आपली झाडाखाली उभी आहे. हे कधी सुरू होणार?"

काकांचं काही चुकलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी ऐतिहासिक आणि रहस्यकथा वाचलेल्या. पहिल्या दहा पानांत कुणी मेलं नाही किंवा निदान कुणी घोड्यावर बसलं नाही, तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. मी मात्र त्यांना धड उत्तर देऊ शकले नाही. "वाचा हो पुढे, छान आहे," एवढंच म्हणाले. असलं उत्तर ऐकून आजवर कुणी पुढे वाचलेलं नाही. काकांनीही नाही वाचलं, निदान तेव्हा तरी. त्या दिवशी जे सांगायला हवं होतं ते आता नीट लिहून काढतेय.

या जातीच्या कादंबऱ्यांत एक माणूस आतून कोंडलेलं असतं. कुणी लग्नात, कुणी जुन्या दुःखात, कुणी नुसतंच स्वतःच्या गप्प बसण्यात. दाराला कडी नसते, तरी ते बाहेर पडत नाही. बाहेर मात्र पानंच्या पानं झाडं, पाऊस, पक्षी, ऊन. कथानक चिमूटभर, भाषा कवितेच्या अंगाने जाणारी. जगभर अशा कादंबऱ्या आहेत, पण शिकायला मी देसाईंनाच धरते. १९३७ साली मसुरीला जन्म, आई जर्मन, वडील बंगाली, लेखन इंग्रजीत. ‘फायर ऑन द माउंटन’ (१९७७) ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या सोयीची आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांच्या दोन कादंबऱ्या आपल्याच किनाऱ्यावर घडतात, एक अलिबागजवळच्या थळला आणि दुसरी मुंबईजवळच्या मनोरीला. त्यामुळे निदान समुद्र आणि पाऊस तरी ओळखीचे मिळतात.

आधी थळ, मग मनोरी, मग कसौली

एकदम कसौलीला, म्हणजे ‘फायर ऑन द माउंटन’ घडते त्या हिमाचलातल्या डोंगरगावाला, जाऊ नका. मी कट्ट्याला तिथेच नेऊन सोडलं, ती माझी चूक.

पहिलं पुस्तक ‘द व्हिलेज बाय द सी’ (१९८२). मुलांसाठी लिहिलेलं आहे, म्हणून नाक मुरडू नका. थळमधलं घर, आजारी आई, दारूच्या नादी लागलेला बाप, आणि घर ओढणारी लीला आणि हरी ही भावंडं. हरी मुंबईला जातो, हॉटेलात राबतो, घड्याळं दुरुस्त करायला शिकतो. म्हणजे गोष्ट चांगली चालती आहे. पण तिच्या कडेने समुद्र, भरती-ओहोटी, पाऊस सतत येत राहतात, आणि पाऊसपाणी वाचायची सवय आपल्याला नकळत लागते. सुगरणींची घरटी न्याहाळणारे एक वयस्कर पक्षीनिरीक्षकही त्यात भेटतात. थळशेजारच्या किहीमलाच सालिम अलींनी सुगरणींचा अभ्यास केला होता, हे ठाऊक असेल तर ती पानं वाचताना हसू येतं. आणि ज्या खताच्या कारखान्याची गावाला धास्ती वाटते, तो पुढे थळला खरोखरच उभा राहिला.

दुसरं ‘व्हेअर शॅल वी गो धिस समर?’ (१९७५). सीता नावाची चार मुलांची आई पाचव्या खेपेला गरोदर आहे. मुंबईतला फ्लॅट, कमावता नवरा, सगळं ठीक. आणि ती ऐन पावसाळ्यात दोन मुलांना घेऊन मनोरीच्या जुन्या, पडक्या घरी निघून येते. का? तर हे मूल जन्मालाच येऊ नये म्हणून. गर्भपात तिला नकोय. मूल आहे तसं पोटातच राहावं, या जगात येऊ नये, असं तिला वाटतं. हे वाक्य वाचून "वेडी आहे का ही?" असं मनात आलं तर येऊ द्या. नवऱ्यालाही तेच वाटतं.

मग तिसरं, कसौलीचं. तिथे गोष्ट सगळ्यात कमी आणि झाडं सगळ्यात जास्त.

‘पुढे काय झालं’ हा प्रश्न बाजूला ठेवा

लहानपणापासून आपण गोष्ट ऐकतो ती ‘मग?’ म्हणत. आजी थांबली की ‘मग?’. या पुस्तकांना ‘मग?’ विचारलंत तर हाती फार थोडं लागेल. त्याऐवजी दर दोन-तीन पानांनी विचारा, हे माणूस आत्ता काय बोलत नाहीये?

कसौलीतल्या नंदा कौलचंच घ्या. सुमारे सहा हजार फुटांवरच्या त्या गावात, कॅरिग्नानो नावाच्या घरात ती एकटी राहते. सोबतीला रामलाल नावाचा स्वयंपाकी. नवरा कुलगुरू होता, तो गेला. मुलं-नातवंडं लांब. कादंबरी सुरू होते तेव्हा ती चिडाच्या झाडांखाली उभी आहे आणि खालून पोस्टमन वर येताना तिला दिसतो. पत्र येतंय म्हटल्यावर एकट्या म्हाताऱ्या बाईला आनंद व्हायला हवा ना? हिला कटकट वाटते. तो वळून जावा, पत्र आणूच नये, असं वाटतं. पत्रात निरोप असतो की टायफॉइडमधून उठलेली राका, नंदाची पणती, हवापालटासाठी तिच्याकडे येते आहे. काका म्हणत होते ती हीच मुलगी.

आता कथानक म्हणून पाहिलं तर पोस्टमन आला, पत्र दिलं, गेला. तेवढंच. पण ‘ही काय बोलत नाहीये’ असं विचारलं की पानापानाला प्रश्न उभे राहतात. हिने घरातलं सामानसुद्धा इतकं कमी का ठेवलंय? हिला झाड व्हायचंय, भिंतीवरच्या पालीसारखं निपचित पडून राहायचंय, हे कसलं स्वप्न? असं काय झालं हिच्या बाबतीत? आणि इतकी मुलंबाळं असलेल्या बाईला एक लहान मुलगी येणार म्हटल्यावर एवढी धडकी का भरते?

रहस्यकथाच ही, फक्त प्रेत आत पडलेलं आहे. काकांना मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

वर्णनावरून उडी मारू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपल्याला शाळेपासून सवय लागलेली असते की वर्णन हा गोष्टीतला मोकळा तास. ‘सूर्य पश्चिमेला कलला होता’ आलं की डोळे चार ओळी खाली घसरतात आणि अवतरणचिन्हं शोधतात. संवाद आला की पुन्हा वाचन सुरू. देसाईंच्या कादंबरीत असं केलंत तर खरा संवादच गळून जातो. तिथली माणसं एकमेकांशी फार कमी बोलतात. जे बोलायचं ते झाडा-पाखरांच्या ओळींमध्ये ठेवलेलं असतं.

एक जागा जवळून दाखवते. सुरुवातीच्याच भागात, पत्र आल्यानंतर, नंदाच्या बागेत एक हुदहुद पिलांना भरवत असतो. डोक्यावर तुरा असलेला देखणा पक्षी. चोचीत किडा आणायचा, पिलांच्या उघड्या चोचीत कोंबायचा, पुन्हा उडायचं. निसर्गवर्णन म्हणून वाचलं तर गोड चित्र आहे, कॅलेंडरवर शोभेल असं. पण नंदा त्याच्याकडे बघते आणि तिला काडीचाही आनंद होत नाही. पिलांचा तो कर्कश चिरचिराट तिला वेड लावेल असा वाटतो.

थांबा इथे. पेन्सिलीने रेघ मारा.

पानभर स्वगत लिहून ‘आईपण निभावताना मी पिचले, मला आता कुणालाही भरवायचं नाही’ असं नंदाकडून वदवता आलं असतं. एखाद्या मालिकेत तिने आरशासमोर उभं राहून ते म्हटलंही असतं, मागे सतार. देसाई फक्त पक्षी दाखवतात आणि तो बघताना बाईला काय झालं ते सांगतात. तुम्ही हुदहुदावरून उडी मारलीत तर ही बाई तुम्हाला नुसती तुसडी म्हातारी वाटत राहील. आणि पक्षी नीट पाहिलात तर ती गरम दुपार, वामकुक्षीच्या वेळी दाराबाहेर कुजबुजणारी मुलं, पाहुण्यांनी कायम भरलेलं ते कुलगुरूंचं घर, या तिच्या सगळ्या आठवणी पुढे येतात तेव्हा आधीच ओळखीच्या वाटतात.

कट्ट्यावर आम्ही एक खेळ करतो, तुम्हीही करून बघा. एक प्रकरण घ्यायचं आणि त्यातली झाडं, पक्षी, हवा यांच्या ओळी वहीत उतरवायच्या, बाकी काही नाही. मग ती वही अशा कुणाच्या तरी हातात द्यायची ज्याने पुस्तक वाचलेलं नाही, आणि विचारायचं, ‘हे बघणारं माणूस कसं असेल?’ आमच्याकडे एका कॉलेजच्या मुलीने वही वाचून सांगितलं होतं, "बाईंना कुणी हात लावलेला चालत नसणार." तिने पुस्तकाचं कव्हरसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

झाड कुणाच्या डोळ्यांतून दिसतंय

इथे मराठी वाचकाची थोडी गोची होते, आणि ती आपल्या श्रीमंतीमुळे होते. निसर्ग असलेली कादंबरी म्हटली की आपल्या मनात कोकण उभं राहतं. गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ (१९५५) घ्या. अंबावहिनी ती सांगते आणि तिच्या तोंडी गावातलं झाडपाला, औषधी मुळ्या, सणवार, माणसांचे हेवेदावे सगळं एकाच दमात येतं. तिथलं झाड सगळ्या गावाचं असतं. त्याला नाव असतं, उपयोग असतो, त्यावरून भांडणही झालेलं असतं. अंबावहिनी कितीही एकटी पडली तरी तिच्याभोवती वाडी आहे, देव आहेत.

नंदाचा चिडवृक्ष कुणाचाच नाही. त्याचा कुणाला उपयोग नाही आणि तिला तो त्याचसाठी आवडतो. तो ओका आहे, स्तब्ध आहे, त्याला पाहुणे येत नाहीत. म्हणून ही पुस्तकं वाचताना ‘कसौलीत कोणती झाडं आहेत’ यापेक्षा ‘ती हिला कशी दिसतात’ यावर लक्ष ठेवायचं. त्याच टेकडीवर राका येते तेव्हा वेगळंच दिसायला लागतं. तिला बाग, जर्दाळूची झाडं यांत गंमत वाटत नाही. ती दरीत उतरते, जिथे वरून टाकलेला कचरा साठलाय. टेकडीवरचं जळून गेलेलं घर तिला आवडतं. पाश्चर इन्स्टिट्यूटच्या धुराड्याकडे ती बघत बसते. (ही संस्था खरोखरची, १९०० साली कसौलीत सुरू झाली, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस हे तिचं काम होतं.) एकच डोंगर, पण म्हातारीला त्यात शांतता दिसते आणि मुलीला राख. दोघी एकाच घरात राहून एकमेकींना टाळतात, आणि तरी त्यांच्यासारखं दुसरं कुणी नाही. हे पुस्तकात कुणी बोलून दाखवत नाही. दोघींच्या वाटा तेवढ्या बघायच्या.

पावसाबद्दलही सांगायला हवं. आपण पाऊसवेडी माणसं. पहिला पाऊस, मातीचा वास, भजी. मनोरीची कादंबरी हातात घेतली आणि ‘पावसाळ्यातलं बेट’ असं वाचलं की मन लगेच खिडकीपाशी जाऊन बसतं. सावध राहा. सीतेच्या घरात पाऊस गळतो. भिंती ओल्या, अंधार, मुलं कंटाळलेली, आईवर चिडलेली. तिला या बेटावर जादू हवी आहे. लहानपणी, १९४७ च्या हिवाळ्यात, ती इथे वडिलांबरोबर आली होती. वडील गांधीवादी, स्वातंत्र्यलढ्यातलं मोठं नाव, आणि बेटावरचे लोक त्यांना चमत्कार करणारा महात्मा मानायचे. तेव्हाचं बेट झळाळतं होतं. आता १९६७ चा पावसाळा. कादंबरीचे तीन भाग असेच आहेत, सदुसष्टचा पावसाळा, मध्ये सत्तेचाळीसचा हिवाळा, पुन्हा सदुसष्टचा पावसाळा. पाऊस तिच्या बाजूने पडेल अशी तिची आशा असते. तो पडतो, पण तिच्या बाजूने नाही. निसर्ग दरवेळी माणसाच्या मनासारखा रडतो-हसतो हा सिनेमाचा नियम इथे मोडतो, आणि तो मोडतो तिथेच रेघ मारायची.

मी एकदा जुलैत मुद्दाम मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला गेले होते. खाडी एवढीशी की बोट सुटते न सुटते तोच पलीकडचा धक्का येतो. शिवाय उत्तन-भाईंदरकडून सरळ रस्त्यानेही तिथे जाता येतं. मग मनोरी बेट कसलं, असं वाटून मी थोडी खट्टूच झाले. परतताना पटलं की सीतेला चहूबाजूंनी पाणी हवंच होतं. भाईंदरकडून रिक्षा येते म्हटल्यावर कोंडून घेण्यात काय राहिलं?

कुणाची बाजू घेऊ नका, निदान अर्धं पुस्तक होईपर्यंत

सीतेच्या मुंबईतल्या दिवसांतला एक प्रसंग आहे. गॅलरीतून तिला दिसतं की खालच्या कठड्यावर एक जखमी गरुड पडलाय आणि कावळे त्याला टोचतायत. ती मुलाची खेळण्यातली बंदूक घेऊन कावळ्यांना हाकलत उभी राहते, अंधार पडेपर्यंत. सकाळी गरुड नसतो. तो उडून गेला असेल, असं ती धरून चालते. नवऱ्याला कावळ्याच्या चोचीत पिसं दिसतात आणि तो हसून तसं म्हणतो.

हा प्रसंग वाचून आमच्या कट्ट्यावर पाऊण तास भांडण झालं होतं. बायका म्हणाल्या, नवरा निष्ठुर. एक सद्गृहस्थ म्हणाले, अहो, खरं तेच बोलला ना तो? आणि गंमत म्हणजे पुस्तकात दोघांनाही जागा आहे. रमण दुष्ट नाही. तो समंजस आहे, मुलांची काळजी घेतो, बायकोला मारत नाही, दारू पीत नाही. खलनायक नसलेल्या घरात सीतेचा श्वास कोंडलाय. नवऱ्याला दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं तर ही कादंबरी वाचणं सोपं गेलं असतं.

हल्लीची आणखी एक सवय सोडावी लागते. पाच पानांत ‘हिला डिप्रेशन आहे’ असं म्हणून पुस्तक मिटायची. असेलही. पण एकदा रोगाचं निदान झालं की आपण बघायचं थांबवतो. कावळे, गरुड, खेळण्यातली बंदूक यांची काही गरजच उरत नाही.

बारीकसारीक

वेग. एका बैठकीत पंधरा-वीस पानं पुष्कळ झाली. लोकलमध्ये उभ्याने ही पुस्तकं वाचू नका. मी वाचून पाहिली आहेत, चर्चगेटला उतरेपर्यंत एक पान उलटलं आणि तेही दोनदा.

शब्दकोश. मी मराठी माध्यमातली, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक अडलेला शब्द बघायचे आणि वाक्याचा सूर निघून जायचा. आता पहिल्या वाचनात कोश उघडत नाही. एखादं फूल किंवा पक्षी तीनदा आला तर मात्र त्याचं चित्र बघते, पक्ष्याचा आवाज ऐकते. सिकाडा हा किडा कसा किरकिरतो हे ऐकलंत की कसौलीची दुपार अर्धी कळते.

मोठ्याने वाचा. निदान पहिला परिच्छेद. लांब वाक्य कुठे श्वास घेतं ते ओठांना कळतं.

खुणा. एकच वस्तू धरून पुस्तकभर तिच्या मागे जा. कसौलीच्या पुस्तकात अर्थातच आग. नाव वाचून शेवटी कुठेतरी वणवा पेटणार एवढं कुणीही ओळखेल. पण आग पहिल्यापासून आहे. नंदाला व्हावंसं वाटतं ते जळक्या खोडासारखं झाड, टेकडीवरचं जळकं घर, धुराडं, रात्री लांब डोंगरावर दिसणारा वणवा. प्रत्येक ठिकाणी समासात बारीक ठिपका द्या. पुस्तक संपल्यावर नुसते ठिपके चाळले तरी पुष्कळ काही दिसतं.

आणि एक इशारा. या पुस्तकाच्या शेवटाकडे स्त्रीवरच्या अत्याचाराचा आणि खुनाचा प्रसंग आहे. इला दास ही नंदाची जुनी मैत्रीण, घोगऱ्या-किंचाळ्या आवाजाची, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय, आणि गावोगाव फिरून बालविवाह थांबवू पाहणारी. तिच्या बाबतीत ते घडतं. इतकी पानं संथपणे चालत आल्यावर तो घाव फार जोरात बसतो. ज्यांना असं वाचणं जड जातं त्यांनी ते शेवटचे भाग रात्री झोपताना घेऊ नयेत.

संपल्यावर पहिल्या पानावर परत या

ज्यांचं कसौलीचं पुस्तक वाचून व्हायचंय त्यांनी हा भाग सोडून पुढचा वाचावा.

नंदा राकाला रमवण्यासाठी स्वतःच्या लहानपणच्या गोष्टी सांगते. वडील तिबेटपर्यंत फिरलेले, घरात जंगली जनावरं पाळलेली. मुलीला पहिल्यांदा जरा गोडी वाटते, मग ती कंटाळते. अगदी शेवटी कळतं की यातलं काहीच खरं नव्हतं. नवऱ्याचं आयुष्यभर दुसऱ्याच बाईवर प्रेम होतं, मिस डेव्हिड नावाच्या गणिताच्या शिक्षिकेवर. मुलं परकीच राहिली. आणि कसौलीला ती आपल्या मर्जीने राहायला आलीच नव्हती, तिला जायला दुसरी जागा नव्हती.

हे कळल्यावर पुस्तक बंद करून कपाटात ठेवू नका. पहिलं प्रकरण उघडा. तीच बाई, तीच चिडाची झाडं, तोच पोस्टमन. पहिल्या वेळी वाटलं होतं की जगाला कंटाळून एका मानी बाईने एकांत निवडलाय. आता प्रत्येक ओळ वेगळी वाचता येते. झाडासारखं स्तब्ध व्हायचं आहे असं ती म्हणत होती, तेव्हा ती कुणाला पटवत होती? लेखिका आपल्याशी खोटं बोलली नाही. तिने फक्त नंदाचं म्हणणं नंदाच्या डोळ्यांनी लिहिलं आणि शेजारी हुदहुद ठेवला. पक्षी खरं सांगत होता. पहिलं प्रकरण पुन्हा वाचायला फार वेळ लागत नाही, पण माझ्या मते ते केल्याशिवाय ही कादंबरी वाचून झाली असं म्हणू नये.

एक तक्रारही नोंदवते, नाहीतर भक्तिभावाने लिहिलंय असं वाटेल. शेवटच्या पानांत नंदाबद्दलचं सत्य भराभर, एका दमात सांगून टाकलेलं आहे. इतका वेळ सगळं पानाफुलांतून सुचवलं आणि शेवटी ते कागदावर मांडून दिलं, हे मला आजही थोडं खटकतं. कट्ट्यावर मात्र निम्म्या लोकांना तेच आवडलं. "निदान कुणीतरी सरळ बोललं," असं एकीने सुटकेचा श्वास टाकत म्हटलं.

आणि मग

काकांनी पुस्तक अर्धवट टाकलं होतं, पण ‘द व्हिलेज बाय द सी’ मी त्यांना नंतर आणून दिली, ती त्यांनी तीन दिवसांत संपवली. थळला त्यांच्या मावशीचं घर होतं म्हणे. हरी घरी परत येतो ती पानं त्यांनी मला फोनवर वाचून दाखवली, आणि समुद्राच्या ओळी मध्येच गाळल्या. मी काही बोलले नाही. मनोरीचं पुस्तक आता त्यांच्याकडे आहे.

तुमची तिन्ही झाली असतील तर पुढे ‘क्लिअर लाइट ऑफ डे’ (१९८०) घ्या. बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत ती होती. जुन्या दिल्लीतलं घर, लग्न न करता मागे राहिलेली बीम, सासरहून आलेली बहीण तारा, आणि जुन्या तबकड्या वाजवत बसणारा त्यांचा भाऊ बाबा. घराच्या मागे एक विहीर आहे. तिच्यात पूर्वी एक गाय बुडून मेली होती. वाचताना त्या विहिरीवर पेन्सिलीने पहिला ठिपका द्या.